खेळणी माळ्यावर केव्हा टाकावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना, शेती, अर्थकारण असे भारदस्त विषय येत असतात. त्या मानाने आमचा आजचा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. आणि तो शब्दशः पोरांचा आहेही. मूल मोठे झाले, आता त्याची खेळणी काढून टाकावी, हे केव्हा ठरवावे आणि कोणी ठरवावे, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

हे दिवसही त्याच प्रश्नाचे आहेत. परीक्षा संपलेल्या असतात, जुन्या वह्या रद्दीत निघालेल्या असतात, नव्या इयत्तेच्या पुस्तकांना कपाटात जागा हवी असते. अशा वेळी घरातील मोठ्या माणसांची नजर कोपऱ्यातल्या खेळण्यांच्या टोपलीवर जाते. "आता हे कशाला हवे?" असे कोणीतरी म्हणते आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. ज्याचा खटला तो पक्षकार त्या वेळी खाली अंगणात खेळत असतो. या एकतर्फी निकालावर अपील करण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. पांगुळगाडा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मूल त्याचा दांडा धरून उभे राहते, दोन पावले टाकते, पडते, पुन्हा उठते. एक दिवस ते दांडा सोडून चालू लागते, आणि त्यानंतर त्या गाड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पांगुळगाडा केव्हा काढावा यासाठी कोणत्याही घरात बैठक भरत नाही. ज्या कामासाठी तो हवा होता ते काम संपले, आणि काम संपल्याचे मुलाच्या पायांनीच सांगितले.

सगळीच खेळणी अशी स्पष्ट बोलती तर हे व्याख्यान लागले नसते. बाहुलीचे काम काय होते? लाकडी ठोकळ्यांचे काय होते? कान तुटलेल्या त्या कापडी हत्तीचे काय होते? ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ते संपले की नाही हेही कळत नाही. मग आपण आपल्या सोयीची मापे लावतो. अशी तीन मापे घरोघर चालतात: पहिले वयाचे, दुसरे लाजेचे आणि तिसरे जागेचे. त्यांचा क्रमाने विचार करू.

वयाचे माप सर्वांत शास्त्रीय वाटते, कारण त्यात आकडा असतो. खेळण्याच्या खोक्यावरही आकडा असतो. परंतु तो आकडा काय सांगतो हे नीट वाचले पाहिजे. '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असे जे छापलेले असते, ते सुटणारे लहान भाग मुलाने तोंडात घालून घशात अडकू नयेत म्हणून. आपल्याकडे २०२० साली केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. ही सारी व्यवस्था सुरक्षिततेची आहे. खेळणे कोणत्या वयाच्या आधी देऊ नये हे ती सांगते. कोणत्या वयानंतर काढून घ्यावे हे सांगण्याचा अधिकार तिने घेतलेला नाही. तो आपणच खोक्यावरून परस्पर काढतो.

वयाची तारीख बाहेरून ठरली की काय होते, याची साक्ष इतिहास देतो. प्राचीन रोममध्ये मुलीने लग्नापूर्वी आपल्या बाहुल्या देवतेला वाहून टाकण्याची चाल होती. १८८९ साली रोममध्ये न्यायमंदिराच्या इमारतीचा पाया खणताना एक दगडी शवपेटी सापडली. क्रेपेरेइया त्रिफाइना नावाच्या, सुमारे वीस वर्षांच्या तरुणीची ती होती, आणि तिच्याशेजारी हातापायांचे सांधे हलणारी एक सुंदर बाहुली ठेवलेली होती. लग्न होण्यापूर्वीच ती वारली आणि म्हणून बाहुली तिच्यापाशी राहिली, असा तर्क केला जातो. म्हणजे बाहुली सुटण्याचा मुहूर्त तिच्या खेळण्याच्या इच्छेशी बांधलेला नव्हता. तो लग्नाशी बांधलेला होता.

आपल्याला रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. १८७३ साली रमाबाई रानडे यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८७४ साली आनंदीबाई जोशी यांचे झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. ज्यांची नावे इतिहासात राहिली त्या या दोघी. ज्यांची राहिली नाहीत अशा घरोघर होत्या. आज भातुकलीच्या बोळक्यात लुटूपुटीचा भात शिजवणारी मुलगी उद्या सासरच्या खऱ्या चुलीपुढे बसत होती. तिची भातुकली संपली असे आपण म्हणतो. वस्तुतः ती हिसकावली गेली होती. १९२९ च्या कायद्याने मुलींच्या विवाहाचे वय चौदा केले, आज ते अठरा आहे. १९८६ चा बालमजुरीविरुद्धचा कायदा आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात एकतिसावे कलम विश्रांतीचे आणि खेळाचे आहे, आणि भारताने १९९२ साली तो करार मान्य केला. या सर्व कायद्यांकडे आम्ही एका दृष्टीने पाहतो: मुलाच्या हातातले खेळणे दुसऱ्याच्या सोयीसाठी काढून घेऊ नये, हे समाजाला कायद्याने शिकावे लागले. जे समाजाला लागू आहे ते घरालाही लागू असले पाहिजे.

आता खेळणे 'संपते' म्हणजे काय होते ते पाहू. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या मुलांच्या बारकाईने केलेल्या नोंदींवरून १९४५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने खेळाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. तान्हे मूल नुसत्या हालचालीच्या आनंदासाठी खेळते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ते एका वस्तूला दुसरी मानून खेळते. आणि सातव्या वर्षाच्या सुमारास नियमांचे खेळ रंगू लागतात.

हे जड वाटत असेल तर आपले सागरगोटे घ्या. दोन वर्षांचे मूल आजीच्या नजरेखाली ते वाटीत भरते आणि ओतते, पुन्हा भरते आणि पुन्हा ओतते. चार वर्षांच्या मुलीच्या भातुकलीत तेच सागरगोटे बटाटे होतात, पाहुणे आले की लाडूही होतात. आठ वर्षांची झाली की ती पाच सागरगोटे घेऊन ओसरीवर बसते, एक उडवते, बाकीचे उचलते, आणि कोणाचा डाव गेला यावर मैत्रिणींशी कडाक्याचे भांडते. वस्तू एकच, पण खेळ तीन झाले. मधल्या काळात ते सागरगोटे महिनोन् महिने कोपऱ्यात पडून असतात. नेमक्या त्याच महिन्यांत कोणी ते फेकून दिले, तर पुढचा खेळ जन्मालाच आला नाही. म्हणून एखादे खेळणे पडून आहे, एवढ्यावरून त्याचा काळ संपला असे समजू नये. मूल कदाचित दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे असेल.

रशियातील व्हिगोत्स्की या विचारवंताने १९३३ साली खेळावर एक व्याख्यान दिले होते. मूल काठीला घोडा करते तेव्हा ते 'घोडा' ही कल्पना खऱ्या घोड्यापासून सोडवून घ्यायला शिकते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या मते पुढे वयात येणाऱ्या मुलाचा खेळ नाहीसा होत नाही. तो आत जातो आणि कल्पनाशक्ती होतो. काठी हातातून सुटते आणि घोडा मनात राहतो. हे खरे असेल, आणि आम्हांस ते खरे वाटते, तर काठी वेळेआधी ओढून घेणाऱ्याने फक्त काठी घेतलेली नसते.

दुसरे माप लाजेचे. "एवढा घोडा झालास तरी बाहुली कवटाळून झोपतोस?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि पुष्कळांनी उच्चारलेलेही असेल. ते बहुधा पाहुण्यांच्या देखत उच्चारले जाते. लाज मुलाला वाटत नसते. ती आपल्याला वाटत असते आणि आपण ती मुलाच्या गळ्यात अडकवतो. यात मुलगा-मुलगी हा भेदही फार आहे. मुलाच्या हातातली बाहुली पाचव्या वर्षी चेष्टेचा विषय होते, आणि त्याच्या हातातली बॅट पन्नासाव्या वर्षीही होत नाही. मुलीला मात्र "आता तू ताई झालीस, धाकट्याला दे" असे सांगून तिची पेटी रिकामी केली जाते. मोठेपणाचा मान म्हणून तिला जे मिळते, ते पुष्कळदा धाकट्याला सांभाळण्याचे काम असते.

डोनाल्ड विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने याच विषयाच्या एका कोपऱ्यावर विलक्षण प्रकाश टाकला आहे. पुष्कळ मुलांची एक वस्तू अशी असते की तिच्यावाचून त्यांना झोप येत नाही. गोधडीचा कोपरा, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, मळकट कापडी ससा. धुतली तर वास जातो म्हणून मूल रडते. प्रवासात विसरली तर साऱ्या घराचा प्रवास फुकट जातो. विनिकॉटने ही गोष्ट १९५१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. आई सदैव जवळ नसते, हे सत्य सोसण्यासाठी मूल त्या वस्तूचा पूल बांधते, असा तिचा आशय. आमच्या आजच्या विषयाला लागू पडणारा भाग पुढे आहे. ही वस्तू सुटते कशी, तर ती हळूहळू अर्थ गमावते. मूल तिच्यासाठी शोक करीत नाही आणि तिला विसरतही नाही. तिच्यातली माया घरभर, मित्रांत, पुस्तकांत, खेळांत पसरत जाते, आणि एके दिवशी गोधडी नुसती गोधडी राहते.

म्हणजे निरोपाची खूणच आपल्या हाती आली. नैसर्गिक रीतीने सुटलेल्या खेळण्याला रडे नसते. जे खेळणे काढताना मूल रडते त्याचे काम अजून शिल्लक आहे, असे समजावे. आणि जे मूल रडत नाही, पण लाजून गप्प बसते, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

तिसरे माप जागेचे. येथे आम्ही उपदेशकाचा आव आणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात चार माणसे राहतात; माळा भरलेला, पलंगाखालची जागा भरलेली. वाड्यांतील कोनाडे गेले, अंगणे गेली, आणि खेळणी मात्र वाढली. पूर्वी खेळणी मोजकी असत. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे किंवा जत्रेतला खुळखुळा वर्षानुवर्षे पुरत असे. आज प्रत्येक वाढदिवसाला खोक्यांची रास येते. सगळे जपून ठेवा असे म्हणणे आईबापांवर अन्याय होईल. काढावे तर लागणारच. प्रश्न आहे तो रीतीचा.

रीत सांगण्यापूर्वी शोकेसचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ बैठकीच्या खोल्यांत काचेचे कपाट असते आणि त्यात परदेशातून आलेली बाहुली, चावीची आगगाडी, डब्यातून कधीच न काढलेली मोटार बसलेली असते. किल्ली वरच्या खुंटीला. "मोडेल, मोठा झाल्यावर देऊ." मूल मोठे होते, किल्ली हाती येते आणि तोवर आगगाडीचे वय टळलेले असते. ते खेळणे मुलाला लहान झाले नाही. ते त्याला कधी मिळालेच नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला लहानगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. आपल्या शोकेसमधल्या गाड्या सोन्याच्या आहेत. पण ज्यांच्यासाठी आणल्या, त्यांच्या वाट्याला त्यांचे नुसते दर्शनच आले आहे. मोडके खेळणे हे वापरलेल्या बालपणाची पावती असते. तिची खंत करू नये.

आता रीत. १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे कोणीतरी दिलेली उत्तम खेळणी होती; पण मुले ती सोडून आपल्या हाताला काम देणाऱ्या साध्या साधनांकडे वळली. ती साधने मुले पुनःपुन्हा हाताळत आणि तृप्त झाली की आपणहून ठेवून देत. बाईंनी काय केले? त्या पाहत राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख, शिंपले, बिया, खडे यांतूनच बालवाडीची साधने उभी केली. खेळण्याची किंमत दुकानात ठरत नाही, मुलाच्या हातात ठरते, हे त्यांच्या अंगणवाडीने दाखविले. तेव्हा पहिली पायरी ही की आधी पंधरा दिवस नुसते पाहावे. मूल कशाला हात लावते, कशाला लावत नाही, आणि एकटे असताना काय जवळ घेते.

दुसरी पायरी: फेकण्याआधी बाजूला ठेवावे. जे पडून आहे ते मुलाला सांगून एका पेटीत भरावे, पेटी वर ठेवावी आणि तीन-चार महिने वाट पाहावी. त्या काळात ज्याची आठवण निघाली ते खाली यावे. दिवाळीपर्यंत ज्याचे नावही निघाले नाही, त्याविषयी बोलणे सुरू करायला हरकत नाही. सांगून, हा शब्द महत्त्वाचा आहे. न सांगता नाहीसे झालेले एक खेळणे मुलाला असे शिकवते की या घरात आपले म्हणून काही नाही. पुढे हेच मूल आपल्यापासून वस्तू लपवू लागले, तर आपण त्याला लबाड म्हणतो.

तिसरी पायरी: निवड मुलाकडे द्यावी, पण मर्यादा आपण घालावी. "ही एक टोपली तुझी. तीत मावेल ते तुझे, बाकीचे कोणाला द्यायचे ते तू सांग." जागा किती हे ठरविणे आपले काम; त्या जागेत काय राहील हे ठरविणे त्याचे. सहा वर्षांचे मूल या प्रसंगी जो विचार करते तो पाहण्यासारखा असतो. कधी ते महागाची मोटार सहज देऊन टाकते आणि तुटका शिंपला ठेवते. तेथे आपण हिशेब काढू नये.

चौथी पायरी: द्यायचे ते देण्याजोगे असावे. चाक मोडलेली गाडी आणि डोळा फुटलेली बाहुली घरकामाच्या बाईंच्या मुलांना देऊन आपण दानाचे समाधान मिळवतो, हे बरे नव्हे. मोडके असेल ते दुरुस्त करावे, पुसून स्वच्छ करावे, आणि शक्य तर मुलाने स्वतःच्या हाताने जवळच्या अंगणवाडीत किंवा धाकट्या भावंडाला द्यावे. पुढे मोठेपणी आपल्याला किती तरी गोष्टी सोडाव्या लागतात: घर, गाव, अधिकार, माणसेही. आपली वस्तू आपण होऊन, वेळ आल्यावर, दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा पहिला धडा या टोपलीपाशी मिळतो. तो धडा आपण त्याच्या वतीने गिरवू लागलो तर तो त्याला येणार कसा?

शेवटी दुसऱ्या टोकाचाही विचार केला पाहिजे. काही आईबाप खेळणी लवकर काढतात, तर काही ती सुटूच देत नाहीत. मूल पुढे गेलेले असते आणि आई त्याचा खुळखुळा छातीशी धरून बसलेली असते. यात माया आहे; परंतु तिचे ओझे मुलावर पडते. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर रॉबिन मिल्न या मुलाला पहिल्या वाढदिवसाला, १९२१ साली, एक अस्वल मिळाले. त्याचे वडील लेखक. त्यांनी त्या अस्वलावर आणि मुलावर 'विनी द पू'च्या गोष्टी लिहिल्या आणि त्या जगभर गेल्या. मुलगा मोठा झाला, पण जग त्याला मोठा होऊ देईना. शाळेत सोबती त्याच गोष्टींवरून त्याला चिडवीत. पुढे त्याने ते अस्वल आणि त्याचे सोबती स्वतःपाशी ठेवले नाहीत. १९८७ पासून ती खेळणी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. लोक दुरून त्यांना पाहायला जातात. ज्याची ती होती त्याने मात्र ती केव्हाच सोडली होती. खेळणे सोडण्याचा हक्क हाही मुलाचाच आहे. आपल्या आठवणींसाठी आपण तो अडवू नये. आपल्याला एखादी आठवण ठेवायचीच असेल तर ती आपल्या पेटीत, आपल्या नावावर ठेवावी.

तेव्हा 'खेळणी माळ्यावर केव्हा टाकावी?' या प्रश्नाला आमच्याकडे वर्षाचा आकडा नाही. मूल विचारल्यावर सहज 'हो' म्हणते आणि लगेच आपल्या नव्या उद्योगाकडे वळते, तेव्हा टाकावी. ते अडखळले तर थांबावे. एवढे थांबण्याइतकी जागा दोन खोल्यांच्या घरातही निघते, असा आमचा विश्वास आहे.

येत्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांकडे माळे झाडले जातील. टोपली उपडी करण्यापूर्वी आपण एकदा खिडकीतून अंगणात हाक मारावी, एवढीच आमची विनंती आहे.